एजंट म्हणतो जर्मनीत लायसन्स ट्रान्सफर करून देतो, साडेचार लाख द्यायचे का?

कळंबोलीहून एका ट्रेलर ड्रायव्हर दादांचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालेत. थोडक्यात सांगायचं तर वय ३४, बारावी पास, बरीच वर्षं न्हावा शेवा बंदरातून चाळीस फुटी कंटेनर ओढतायत, चाकण, नाशिक, कधी नागपूर. आता एक एजंट मागे लागलाय की साडेचार लाख द्या, जर्मनीत तुमचं हेवी लायसन्स ट्रान्सफर करून देतो, तोपर्यंत इंटरनॅशनल परमिटवर गाडी चालवा, दोन महिन्यात स्टिअरिंगवर. मेव्हणा म्हणतो जर्मनी सोड, कॅनडा बघ, तिथे सगळे आपलेच ड्रायव्हर आहेत. आणि बायको म्हणते माझं सोनं ठेवा गहाण पण एकदाचं काय ते ठरवा. शेवटी त्यांनी विचारलंय, "साहेब, एवढंच सांगा, पैसे देऊ का नको?"

दादा, नको. आत्ता तरी एक रुपया देऊ नका, टोकन म्हणून सुद्धा नको. जर्मनीला जायचं का नाही हा वेगळा विषय आहे आणि त्यात तुम्हाला चान्स आहे असं माझं मत आहे, पण एजंटने जे सांगितलंय ते तसं होतच नाही.

भारतातलं लायसन्स जर्मनीत नुसतं जमा करून त्यांचं लायसन्स हातात मिळत नाही. काही देशांशी त्यांचा तसा ठराव आहे, त्या यादीत भारत नाही. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून ६ महिने चालतं, पुढे नाही, आणि त्यांचं लायसन्स हवं असेल तर थिअरीची परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा दोन्ही द्याव्या लागतात. आपल्याला एवढीच सवलत की इतके इतके तास ड्रायव्हिंग स्कूलमधे बसलंच पाहिजे ही जी सक्ती नवशिक्या पोराला असते ती आपल्याला नाही. पण परीक्षेला गाडी स्कूलची आणि शेजारी इन्स्ट्रक्टरही स्कूलचाच लागतो, त्यामुळे स्कूलचं तोंड बघावंच लागतं आणि ते स्वस्त नाही, ट्रक-ट्रेलरचं सगळं धरून काही हजार युरो जातात.

आता तुम्ही म्हणाल मग ते ६ महिने तर चालवता येईल ना. इथेच एजंट लोक फसवतात. ६ महिने म्हणजे स्वतःची कार चालवायला. पगार घेऊन मालाचा ट्रक चालवायचा तर युरोपात लायसन्सच्या वर अजून एक पात्रता लागते, ड्रायव्हर लोक तिला कोड ९५ म्हणतात. पूर्वी तो आकडा लायसन्सवरच छापायचे, २०२१ पासून जर्मनीत त्याचं वेगळं कार्ड मिळतं. ते कार्ड नसेल तर तुमच्याकडे जगातलं कुठलंही हेवी लायसन्स असू दे, कंपनी तुम्हाला चावी देऊ शकत नाही, दिली तर दंड तुम्हाला पण आणि कंपनीला पण. आणि इंटरनॅशनल परमिट म्हणजे आपल्या आरटीओत हजार रुपये भरून मिळतं ते, एक वर्ष चालतं, पण ते काही वेगळं लायसन्स नाही, तुमच्याच लायसन्सचं वेगवेगळ्या भाषांतलं पुस्तक आहे, फिरायला गेलेल्या माणसाने भाड्याची कार घ्यावी म्हणून. त्याच्यावर नोकरी नाही होत. जो एजंट परमिटवर ट्रक चालवा म्हणतो त्याला एक तर काही माहीत नाही किंवा सगळं माहीत आहे.

खरा रस्ता कसा आहे ते सांगतो. जर्मनीच्या नोकरीच्या नियमात बाहेरच्या देशातल्या ट्रक-बस ड्रायव्हरसाठी वेगळं कलम आहे, २४ अ. त्यात असं आहे की तुमच्याकडे आपल्या देशातलं चालू हेवी लायसन्स हवं, आणि तिथल्या कंपनीने तुमच्याशी असा करार करायचा की आधी तू इथे येऊन लायसन्स आणि ती पात्रता काढ, झालं की आमच्याकडेच ड्रायव्हर म्हणून लाग. त्यासाठी जास्तीत जास्त १५ महिने मिळतात. म्हणजे पहिलं वर्षभर तुम्ही ट्रक चालवणार नाही आहात दादा, गोदामात काम, लोडिंग-अनलोडिंग आणि संध्याकाळी अभ्यास असं काहीतरी असणार आहे, हे बायकोला आधी सांगा कारण पैसे पाठवायचा हिशोब सगळा त्याच्यावर आहे.

त्या १५ महिन्यात काय काय करायचं? आधी कारचं लायसन्स, कारण ते नसेल तर ट्रकचं मिळत नाही, मग सी म्हणजे ट्रक, मग सीई म्हणजे ट्रेलर, तुम्हाला हवं ते हे. डोळे तपासणी, मेडिकल, एक दिवसाचा फर्स्ट एडचा कोर्स. थिअरी परीक्षा जर्मन सोडून इंग्रजी, तुर्की, रशियन, अरबी अशा १२ भाषांत देता येते, हिंदी त्यात नाही, मराठीचं तर नावच नको. रस्त्यावरची परीक्षा मात्र जर्मनमधे, परीक्षक मागे बसून जर्मनमधे सांगणार पुढच्या चौकात उजवीकडे घ्या आणि तुम्ही घ्यायचं. मग कोड ९५ साठी १४० तासांचा कोर्स, त्यातले फक्त १० तास प्रत्यक्ष गाडीवर, बाकी वर्ग, आणि शेवटी तिथल्या व्यापारी चेंबरची ९० मिनिटांची लेखी परीक्षा. नंतर दर ५ वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग परत, आणि ट्रकचं लायसन्स पण ५-५ वर्षांनीच मेडिकल देऊन वाढवून घ्यायचं.

व्हिसाच्या कलमात ड्रायव्हरला भाषेची अट नाही, हे एजंट बरोबर सांगतो आणि ते ऐकून सगळे खुश होतात, पण व्हिसाला नसली तरी परीक्षेला आहे आणि वर्गात आहे. माझ्या मते बी१ पर्यंत, म्हणजे ए१, ए२, बी१ अशी भाषेची तिसरी पायरी, जर्मन इथेच करून जा. मुंबई आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन क्लासही असतात, ए१ पासून सुरुवात करा. बंदराच्या गेटबाहेर लायनीत चार-पाच तास गाडी उभी असते तेव्हा मोबाईलवर रील बघण्याऐवजी कानात जर्मन लावा, वेळ तुमच्याकडे आहे, फक्त तो तुकड्या-तुकड्यात आहे.

तुम्ही लिहिलंय "गाडीचं टेन्शन नाही, गाडी मी झोपेत पण चालवीन". मान्य, घाटात भरलेला चाळीस फुटी उतरवणारा माणूस आहे तुम्ही, तिथल्या पोरांना ते जमणार नाही. पण परीक्षेत नापास होतात ते असेच अनुभवी लोक, कारण हात बरोबर चालतो आणि पद्धत चुकते. निघण्याआधीची तपासणीच घ्या. परीक्षक सांगतो त्या गोष्टी एकेक दाखवायच्या आणि काय बघतोय ते तोंडाने बोलायचं, टायर, लाईट, हवेचं प्रेशर, तेल, माल बांधलेला. आपण पण सकाळी टायरवर रॉड मारून आवाज ऐकतोच की, फक्त ते बोलून दाखवायची सवय नसते, ती पण जर्मनमधे. मग ट्रेलर जोडून-सोडून दाखवायचा. पुढची गाडी ट्रेलरखाली मागे घेतली, पिन लॉक झाली, खाली वाकून लॉक बघितलं, मग हवेचे दोन पाईप. इथे क्रम आहे, जोडताना आधी पिवळा मग लाल, सोडताना आधी लाल मग पिवळा. लाल पाईपातून ट्रेलरला हवा जाते, ती ट्रेलरमधे शिरली की ट्रेलरचे ब्रेक सुटू शकतात, म्हणून ब्रेकचा पिवळा आधी लावून ठेवायचा. आपल्याकडे हे काम बऱ्याचदा क्लिनर करतो, तोही हाताला जो पाईप येईल तो लावतो आणि गाडी निघते. तिथे क्लिनर नसतो. लाईटची केबल, मग ट्रेलरचे पाय वर, आणि शेवटी हलकेच ओढून बघायचं की पकडलंय ना. हे एवढं सगळं न विसरता, न घाई करता.

रस्त्यावर पण तेच. गाडी उजवीकडून चालते हे दोन आठवड्यात अंगवळणी पडतं, पण उजवीकडे वळताना खरी परीक्षा आहे कारण तुमच्या उजव्या अंगाला सायकलवाला असतो, त्याची स्वतःची लेन असते आणि सरळ जाण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. २०२० पासून असा नियम आहे की शहरात साडेतीन टनाच्या वरच्या गाडीने, जिथे सायकलवाले किंवा पायी माणसं येऊ शकतात तिथे, उजवं वळण माणूस चालतो त्या स्पीडनेच घ्यायचं. मागून कोणी हॉर्न वाजवत नाही, वाजवला तरी घाई करायची नाही. साडेसात टनाच्या वरच्या ट्रकला गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ६० आणि ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या एक्सप्रेसवेवर, ८०, बास. तिथल्या ऑटोबानवर लिमिट नाही म्हणतात ना, ते कारवाल्यांसाठी.

आणि टॅकोग्राफ, म्हणजे किती चालवलं किती थांबलात ते नोंदवणारं गाडीतलं यंत्र. प्रत्येक ड्रायव्हरचं स्वतःचं चिपवालं कार्ड, गाडीत घातलं की मिनिट-मिनिट नोंद. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं म्हणजे थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यात फार तर दोनदा १० तास. आठवड्याची मोठी सुट्टी असते ४५ तासांची ती केबिनमधे झोपून काढायला बंदी आहे. रविवारी रात्री १० वाजेपर्यंत मोठे ट्रक रस्त्यावरच नाहीत, थोडे अपवाद सोडून. आपल्याकडे पण २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा होता बरं का, त्यात दिवसाला ८ तासच लिहिले होते, कधी कोणी पाळलेले बघितलेत का? मला विचाराल तर तिकडे जाण्यासारखी गोष्ट पगारापेक्षा हीच आहे, रात्रभर चालवून सकाळी परत भाडं घ्या म्हणणारा मालक तिथे कायद्याने तरी नाही.

कायद्याने म्हटलं कारण तिथेही सगळं गोडगोड नाही. २०२३ साली जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या ग्रेफेनहाउझेन नावाच्या हायवे पार्किंगमधे जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे ट्रक उभे करून बसले होते, पगार थकले म्हणून. मालक पोलंडचा, ड्रायव्हर तिसऱ्याच देशाचे, आणि गाड्या फिरतात जर्मनीत. एजंट जेव्हा "युरोप" म्हणतो आणि करार पोलंड किंवा लिथुआनियाच्या कंपनीचा दाखवतो तेव्हा हे आठवा. त्या कंपन्या सगळ्याच वाईट असं नाही, पण मग पगार, नियम, कोर्ट सगळं त्या देशाचं, आणि युरोपबाहेरच्या ड्रायव्हरला देश ओलांडून माल न्यायचा तर कंपनीने ड्रायव्हर अटेस्टेशन नावाचा कागद काढून गाडीत द्यावा लागतो, तो देणार का ते विचारायचं. पगारात अजून एक मेख असते. जर्मनीत बाहेर राहिल्याचा जेवणभत्ता मिळतो, पूर्ण दिवसाला २८ युरो टॅक्स न लागणारे, एजंट लोक तो धरून पगाराचा मोठा आकडा सांगतात. तुम्ही मूळ पगार विचारा, तासाचा दर विचारा. जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान तासाला १३.९० युरो द्यावेच लागतात, ट्रेनिंगच्या काळात गोदामात काम केलं तरी, त्याच्या खाली कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

एजंटबद्दल. बाहेरदेशी माणसं पाठवणाऱ्याला भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याचं लायसन्स लागतं, त्याची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, नाव आणि नंबर दोन्ही टाकून बघा, आणि मुदत संपलेली नाही ना तेही बघा. नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून फी घ्यायची मर्यादा आहे, ३० हजार रुपये अधिक जीएसटी. तुम्हाला सांगितलेत साडेचार लाख! बाकीचे कशाचे म्हणून विचारा आणि पावती मागा, गंमत बघा. त्याने तुम्हाला महाराष्ट्र सरकारच्या कराराचं कात्रण दाखवलं असं लिहिलंय. करार खरा आहे, २०२४ साली आपल्या सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी केला आणि कामांच्या यादीत ड्रायव्हरही होते, पण तो सरकारचा सरकारशी आहे, तुमच्या एजंटचं त्यात काही नाही, आणि त्या कराराने जर्मनीचा लायसन्सचा नियम बदललेला नाही.

मेव्हण्याचा कॅनडा. तिथे पण सरळ बदलून मिळत नाही. ओंटारिओ घ्या, टोरोंटोवालं, तर आधी डोळे आणि लेखी परीक्षा, मग कारचं पूर्ण लायसन्स, 'जी' वर्गाचं, त्याला इथल्या आरटीओचं अनुभवाचं पत्र असेल तर मधली वाट बघायला लागत नाही. ट्रकसाठी २०१७ पासून किमान १०३.५ तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. ब्रिटिश कोलंबियात तर १४० तास. ओंटारिओनंतर बाकीच्या प्रांतांत हे कडक का झालं तर २०१८ च्या एप्रिलमधे सस्कॅचवान प्रांतात एका ट्रकने स्टॉपचा बोर्ड न पाळल्यामुळे ज्युनियर हॉकी टीमच्या बसला अपघात झाला, १६ जण गेले, ड्रायव्हर भारतातून आलेला नवा मुलगा होता आणि ट्रेनिंग दोन आठवड्यांचं. त्यानंतर एकेका प्रांताने नियम आवळले. तिथे खर्च स्वतःचा, आणि आधी तिथे राहायचा-काम करायचा हक्क मिळवायचा, तोच मोठा डोंगर आहे. नातेवाईक तिथे असतील आणि इंग्रजी चांगलं असेल तर बघा, नाहीतर तुमच्यासाठी जर्मनीचा रस्ता मला जास्त सरळ वाटतो कारण शिकवायची आणि नोकरीची जबाबदारी करारात कंपनीवर टाकता येते.

आता वहिनींचं सोनं. एजंटसाठी नको. भाषेचा क्लास, परीक्षा फी, भाषांतरं याला एकदम मोठी रक्कम लागत नाही, महिन्याच्या पगारातून थोडं थोडं काढून होतं. बी१ झालं आणि खऱ्या कंपनीचा करार हातात आला, त्यात स्कूलचा आणि कोर्सचा खर्च कोण देणार, मधेच सोडलं तर किती परत द्यायचे हे लिहिलेलं असलं, की मग तिकीट आणि सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी लागलं तर घरात बसून ठरवा. तेव्हा सुद्धा सगळं नाही.

या महिन्यात करायचं काम इथलंच आहे. लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर स्वतःचं लायसन्स काढून बघा, ट्रान्सपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ५ वर्षांची झालीये, अर्ज करताना ती चालू असली पाहिजे म्हणून संपत आली असेल तर इथूनच रिन्यू करून जा, तिकडून जमवायला फार त्रास. लायसन्सवर "संदीप पाटील" आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट तीन नावं असला प्रकार आपल्याकडे घरोघरी असतो, तो आधी जुळवून घ्या, जन्मतारखेसकट, जर्मन ऑफिसात एका अक्षरावरून फाईल अडते. हेवी पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख असलेला उतारा आरटीओकडून घ्या. जुने मालक सोडले असतील तर प्रत्येकाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र, कुठली गाडी, किती टनाची, कधीपासून कधीपर्यंत, आत्ताच घ्या, नंतर फोन उचलत नाहीत. आणि एक, जर्मन लायसन्स देताना ते तुमचं भारतीय लायसन्स काढून घेतात, त्यामुळे निघायच्या आधी दोन्ही बाजूंच्या चांगल्या कॉपी साक्षांकित करून एक संच घरी ठेवा, सुट्टीवर आलात आणि गाडी चालवायची वेळ आली तर आरटीओत दाखवायला काहीतरी लागेल.

एजंटला परत फोन करायचाच असेल तर तीनच गोष्टी विचारा, ई-मायग्रेटचा नंबर काय, कराराखाली सही करणारी जर्मन कंपनी कुठल्या गावातली, आणि कोड ९५ चा खर्च कोण देणार. तिन्हीचं उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी मागा, तोंडी नको. उत्तर आलं तर मला पाठवा, करार आपण ओळीओळीने बघू.